‘ट्यूब हॉट’चा मेसेज दुपारीच का येतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलो तर सांगा. फ्लुरोस्कोपीचं, म्हणजे एक्स-रेने शरीराच्या आतलं चालू चित्र बघायचं, जुनं टेबल आहे, एक्स-रे ट्यूब टेबलाखाली. ट्यूबच्या कागदांवर अ‍ॅनोडची (आतल्या तबकडीची) क्षमता 3 लाख हीट युनिट (उष्णतेचं माप) आणि हाउसिंगची (ट्यूबभोवतीच्या तेल भरलेल्या धातूच्या आवरणाची) साडेबारा लाख लिहिलेली आहे. गेल्या वर्षी त्यावर नवा फ्लॅट पॅनल डिटेक्टर (इमेज टिपणारा डिजिटल भाग) बसवला. तो सेकंदाला कितीही फ्रेम द्यायला तयार, म्हणून बेरियम स्वॅलोला (बेरियम पाजून अन्ननलिका बघायच्या तपासणीला) तुम्ही सेकंदाला 3 फ्रेम या वेगाने दहा-दहा सेकंदांचे पाच रन, म्हणजे सलग इमेजच्या मालिका, घेता. मग कधीतरी कंट्रोल पॅनलवर ‘ट्यूब हॉट, वेट’ येतं आणि पंधरा-वीस मिनिटं मशिन ढिम्म हलत नाही. रेडिओलॉजिस्ट म्हणतात फ्रेम कमी करायच्या नाहीत, सर्व्हिस इंजिनियर म्हणतो मोठी ट्यूब घ्या, आणि मधे तुम्ही. म्हणून विचारताय की मिनिटाला किती इमेज घेतल्या तर चालेल.

त्याच प्रश्नात शेवटी तुम्ही सहज एक वाक्य टाकलंय: ‘सकाळी कधी होत नाही, दीड-दोननंतर होतं, आणि मे महिन्यात फारच.’ मी तुमच्या जागी असतो तर प्रश्नाची सुरुवातच या वाक्याने केली असती. मिनिटाला किती इमेज, याला एक आकडा नाही. पण मेसेज दुपारी येतो यावरून बरंच काही कळतं.

मी मुंबईत एक्स-रे विभागांत सत्तावीस वर्षं काढली. पहिली काही टेक्निशियन म्हणून, नंतर मशिनच्या मागच्या बाजूला, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपण ‘ट्यूब तापली’ म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टींपैकी एक तापलेली असते, आणि तिघींची घड्याळं वेगळी चालतात. एक मिलिसेकंदांत तापते, दुसरी मिनिटांत, तिसरी तासांत. कोणती तापली हे न बघता केलेला उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. ट्यूबमध्ये जी वीज आपण घालतो तिचा जेमतेम एक टक्का एक्स-रे होतो, उरलेले नव्याण्णव टक्के उष्णता. आणि ती सगळी पडते अ‍ॅनोडवरच्या एक-सव्वा मिलिमीटरच्या ठिपक्यावर. अ‍ॅनोड स्थिर असता तर तिथला टंगस्टन, जो 3,422 अंशांना वितळतो, तोही टिकला नसता. म्हणून तबकडी फिरवतात आणि तो मार एका ठिपक्याऐवजी पूर्ण गोल ट्रॅकवर वाटला जातो. ही युक्ती 1929 मध्ये बाजारात आली आणि आजही मूळ कल्पना तीच आहे.

पहिलं घड्याळ या ट्रॅकचं. ती तबकडी फिरवणारा साधा रोटर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला तीन हजारांच्या जरा खाली फेरे मारतो, म्हणजे एका फेऱ्याला वीस-एकवीस मिलिसेकंद. तुमचा एक्स्पोजर 20 मिलिसेकंदांचा आहे. म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक भागावरून इलेक्ट्रॉनचा झोत जेमतेम एकदा जातो. रोटर हायस्पीडला, नऊ-दहा हजारांवर, असेल तर तेवढ्याच वेळात तीन फेरे होतात आणि मार अधिक पातळ पसरतो. पण वेग तिप्पट झाला म्हणून क्षमता तिप्पट होत नाही. ती वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साधारण 1.7 पट. हे घड्याळ किलोवॉट मोजतं. किती वेळ आणि किती शॉट याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, या क्षणी किती जोरात मारताय एवढंच ते बघतं. इथली मर्यादा ओलांडायला गेलात तर बहुतेक जनरेटर (ट्यूबला वीज पुरवणारं यंत्र) एक्स्पोजर सुरूच करू देत नाहीत, आणि तो मेसेज सकाळी आठलाही येतो. तुम्हाला तो सकाळी येत नाही. म्हणजे हे घड्याळ सध्या तरी ठीक.

दुसरं घड्याळ पूर्ण तबकडीचं. ट्रॅकवरची उष्णता सेकंदाच्या आत तबकडीत मुरते आणि तबकडी एकंदर तापत जाते. ती निर्वातात फिरते, भोवती हवा नाही, आणि मधला मोलिब्डेनमचा दांडा मुद्दाम बारीक ठेवलेला असतो, म्हणजे खालची बेअरिंग भाजू नयेत. मग बाहेर पडायला उष्णतेला एकच वाट उरते, लालबुंद होऊन किरणांनी बाहेर फेकणं. याचा एक विचित्र फायदा आहे. किरणांनी जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून अ‍ॅनोड जितका गरम तितका भराभर थंड होतो. कूलिंग कर्व्ह बघा, सुरुवातीला कड्यासारखी खाली येते आणि मग लांबच लांब शेपूट. पूर्ण भरलेल्या अ‍ॅनोडला निम्म्यावर यायला थोडी मिनिटं लागतात, निम्म्यावरून शून्यावर यायला त्याच्या कितीतरी पट. म्हणून ‘ट्यूब पूर्ण थंड होऊ दे, मग पुढचा पेशंट’ या आग्रहाला अर्थ नाही. हिशेब एवढाच करायचा की आत्ता शिल्लक किती, आणि पुढचा रन मिळून ऐंशी टक्क्यांच्या खाली राहतोय का.

जलद सिरीजमध्ये ही दोन घड्याळं एकमेकांत अडकतात, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ट्रॅकवरचा प्रत्येक झटका तबकडीच्या त्या वेळच्या तापमानाच्या वर बसतो. पहिल्या फ्रेमला तबकडी थंड, झटका सहज पचतो. पंचविसाव्या फ्रेमला तोच झटका गरम तबकडीवर बसतो आणि ट्रॅक धोक्याच्या रेषेजवळ जातो. म्हणून एकेका शॉटचा रेटिंग चार्ट पाहून सिरीज लावू नका. ट्यूबच्या माहितीपत्रकात सिरीजसाठी वेगळा तक्ता असतो. आडवं सेकंदाला किती फ्रेम, उभं एकूण किती फ्रेम, आणि चौकटीत प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त किती ज्यूल. तुमच्याकडे तो नसेल तर ट्यूबचा मॉडेल नंबर देऊन कंपनीकडून मागवा. मी जिथे जिथे काम केलं तिथे हा तक्ता कपाटात, मूळ पाकिटात, न उघडलेला सापडला.

तिसरं घड्याळ हाउसिंगचं. तबकडीने फेकलेली उष्णता काचेतून तेलात, तेलातून हाउसिंगच्या धातूत आणि तिथून खोलीच्या हवेत जाते. रोटर फिरवणाऱ्या कॉइलची आणि फिलामेंटचीही (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापलेल्या तारेची) उष्णता याच तेलात मिसळते. हे घड्याळ फार हळू चालतं आणि फार हळू विसरतं. अ‍ॅनोडला मधला कटिंग चहा पुरतो, हाउसिंगला जेवणाची सुट्टीही पुरत नाही. तेल फुगलं की हाउसिंगमधला थर्मल स्विच उघडतो आणि मग तो थंड होईपर्यंत कोणाचंही ऐकत नाही. तुमचा ‘वेट’ पंधरा-वीस मिनिटं टिकतो, दुपारीच येतो, मे महिन्यात वाढतो. माझ्या मते हा तिसऱ्या घड्याळाचा मेसेज आहे.

आता आकडे. तुम्ही दिलेली सेटिंग घेतो: 80 केव्ही (किलोव्होल्ट, विजेचा दाब), 320 एमए (मिलिअँपिअर, प्रवाह), 20 मिलिसेकंद. म्हणजे 6.4 एमएएस (प्रवाह गुणिले सेकंद). हाय फ्रीक्वेन्सी जनरेटरसाठी केव्ही गुणिले एमएएस गुणिले 1.4, म्हणजे एका फ्रेमला सुमारे 717 हीट युनिट. दहा सेकंदांत 30 फ्रेम, म्हणजे रनला 21,500. पाच रनचे 1,07,500. अ‍ॅनोडची क्षमता 3 लाख, म्हणून सगळ्यांना वाटतं की आपण खूप आत आहोत.

पण फ्लुरो, म्हणजे रनच्या आधी-मधे पेडल दाबून बघायचं चालू चित्र, कोणी धरत नाही. 85 केव्ही आणि 2 एमएवर फ्लुरो चालला तर मिनिटाला 14,000 हीट युनिटहून थोडे जास्त पडतात. पेशंटला उभं करणं, वळवणं, ‘आता घोट घ्या’, ‘थांबा, गिळू नका’, हे सगळं पायाखालचं पेडल दाबून ठेवून झालं तर पाच मिनिटं सहज जातात. त्याचे 71,400. म्हणजे एका पेशंटचे एकूण 1.79 लाख, आणि त्यातले चाळीस टक्के अशा इमेजचे ज्या कोणी साठवतही नाही. विभागात बसून मी हा हिशेब करून दाखवतो तेव्हा दर वेळी कोणीतरी कॅल्क्युलेटर हातातून घेऊन पुन्हा करतं.

आता हे 1.79 लाख हाउसिंगच्या डोळ्यांनी बघा. पेशंटमागे पंधरा मिनिटं दिलीत तर सरासरी मिनिटाला 12,000 हीट युनिट आत जातात. दहा मिनिटांत पेशंट उरकलात तर 18,000. बाहेर किती जातात? ते पंख्यावर आणि मॉडेलवर अवलंबून आहे, तुमच्या तक्त्यावर बघा. समजा पंख्याशिवाय, 25 अंशांच्या खोलीत, हाउसिंग पूर्ण तापलेलं असताना ते मिनिटाला 15,000 बाहेर टाकतं. मग पंधरा मिनिटांच्या वेगाने दिवसभर काम केलंत तरी हाउसिंग ऐंशी टक्क्यांवर जाऊन स्थिरावेल, मेसेज येणारच नाही. दहा मिनिटांच्या वेगाने मात्र अडीच तासांत थर्मल स्विच उघडेल. सकाळी अकराला यादी सुरू केली तर दीड वाजला. तुमचं ‘दीड-दोननंतर’ इथून आलं असावं.

आणि मे महिना? समजा स्विच 75 अंशांना उघडतो. खोली 25 असताना हाउसिंग आणि हवा यांत 50 अंशांचा फरक मिळतो. खोली 35 झाली की फरक 40. बाहेर जाणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते, म्हणजे 15,000 चे झाले 12,000. आता पंधरा मिनिटांचा आरामाचा वेगही थेट कडेवर येऊन बसतो. तुम्ही म्हणाल आमच्या खोलीत एसी आहे. असेल. पण तो कुठे आहे? बहुतेक ठिकाणी एसीचा झोत कन्सोलवर आणि डॉक्टरांच्या खुर्चीवर असतो. ट्यूब टेबलाखाली, चारी बाजूंनी पत्रा, समोर लेड रबरचे पडदे. खोलीतला थर्मामीटर 24 दाखवत असतो आणि टेबलाच्या पोटात 36 असतात. एक साधा थर्मामीटर तिथे चिकटपट्टीने लावा आणि दर तासाला आकडा लिहा. ऑक्टोबर हीटमध्ये एका ठिकाणी आम्ही तो लावला आणि नव्या ट्यूबचा विषय त्याच दिवशी थांबला.

याच संदर्भात पंखा. हाउसिंगवर किंवा टेबलाच्या आत पंखा असेल तर तो फिरतोय का ते बघा. फिरत असेल तर त्याची जाळी बघा. आपल्याकडे रस्ता खणलेला नाही अशी गल्ली नाही, बाजूला कुठली ना कुठली इमारत पुनर्विकासाला गेलेलीच असते, आणि ती धूळ विभागात येते. खारट हवेने पंख्याचे कनेक्टरही गंजतात. पंखा बंद पडला तर कुठलाही मेसेज येत नाही, फक्त दुपार जरा लवकर होते.

हाउसिंगची बाजू झाली. आता आत जाणारी उष्णता कमी कशी करायची, कारण खरा फायदा तिथेच आहे. आणि यातल्या बऱ्याच उपायांनी पेशंटचा डोसही उतरतो.

पहिली गोष्ट केव्ही. जुना पंधरा टक्क्यांचा नियम तुम्हाला शिकवला असेलच: केव्ही पंधरा टक्क्यांनी वाढवला तर निम्म्या एमएएसवर डिटेक्टरपर्यंत जवळपास तेवढंच पोचतं. 80 चे 92 करा, एमएएस 6.4 चे 3.2. फ्रेममागे 717 ऐवजी 412 हीट युनिट, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त बचत, आणि बेरियमला याने काही बिघडत नाही. बेरियम इतकं दाट असतं की 100-110 केव्हीवरही ते दिसतं, उलट त्याच्या आरपार थोडं बघता येतं. पण इथे एक खाच आहे. एमए तोच, 320 ठेवून केव्ही 92 केलात तर त्या क्षणाची पॉवर 25.6 वरून 29.4 किलोवॉटवर जाते. एकूण उष्णता उतरली, पण पहिल्या घड्याळावरचा मार वाढला. छोटा फोकस (झोत पडतो तो ठिपका) आणि साधा रोटर असेल तर जनरेटर नकार देईल आणि तुम्ही म्हणाल, ‘यांचं ऐकलं आणि मशिन बंद पडलं.’ म्हणून एमए 200 वर आणा आणि वेळ 16 मिलिसेकंद करा. 18.4 किलोवॉट, तेच 3.2 एमएएस, तिन्ही घड्याळं खूश. 16 मिलिसेकंदांत अन्ननलिका काही पळून जात नाही.

शिरा बघायला जे आयोडीनचं औषध देतात त्याला मात्र हे आंधळेपणाने लावू नका. आयोडीनचा कॉन्ट्रास्ट त्याच्या 33 केईव्हीच्या पायरीवर, म्हणजे ज्या ऊर्जेला ते एकदम जास्त एक्स-रे शोषू लागतं तिच्यावर, उभा असतो. केव्ही चढवलात की शिरा फिक्या पडतात. तिथे 70-75 च्या आसपास राहून फ्रेम आणि फ्लुरो यांतच बचत शोधावी लागते. पुढेमागे याच टेबलावर पायांच्या शिरांचे रन करायचा विचार असेल, तर तेव्हा मोठ्या ट्यूबचा विषय पुन्हा काढायला माझी हरकत नाही.

दुसरी गोष्ट फ्रेमचा वेग, जिथे तुमचं आणि रेडिओलॉजिस्टचं जुळत नाहीये. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. घोट घशातून खाली जातो तो भाग सेकंदाभरात उरकतो, तिथे 3 फ्रेमसुद्धा कमीच. गिळण्याचीच तक्रार असेल तर ती तपासणी मुळात वेगळी, सलग व्हिडिओसारखी करायला हवी. पण एकदा घोट अन्ननलिकेत उतरला की लाट सेकंदाला दोन-चार सेंटिमीटरने सरकते आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरची नळी पार करायला तिला आठ-दहा सेकंद लागतात. तिथे सेकंदाला 3 फ्रेम म्हणजे त्याच चित्राच्या तीन झेरॉक्स. पहिली 3 सेकंदं 3 फ्रेम, पुढची 7 सेकंदं 1 फ्रेम असा रन लावता येतो का बघा. नवीन डिटेक्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये असे टप्पे करता येतात, फक्त ते कोणीतरी बसून भरावे लागतात. 30 च्या जागी 16 फ्रेम. रेडिओलॉजिस्टना ‘फ्रेम कमी करा’ असं सांगू नका. दोन्ही पद्धतींचे रन शेजारी शेजारी ठेवून दाखवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. प्रोटोकॉल त्यांच्या सहीनेच बदलायचा असतो.

दोन्ही मिळून: 16 फ्रेम गुणिले 412, म्हणजे रनला सुमारे 6,600. आधी 21,500 होते. पाच रनचे 33,000.

तिसरी गोष्ट पेडल. पल्स फ्लुरो (सलग न चालता झटक्या-झटक्यांनी चालणारा) असेल तर तो वापरा, शेवटची इमेज स्क्रीनवर थांबवून तिच्यावर बोला, पोझिशन आधी डोळ्यांनी आणि हातांनी लावा. पाच मिनिटांची तीन झाली तरी 28,000 वाचले. पल्सने किती वाचेल ते मशिनवर आहे. काही मशिन पल्स कमी केले की प्रत्येक पल्सचा एमए वाढवतात, त्यामुळे पल्स निम्मे म्हणजे उष्णता निम्मी असं गृहीत धरू नका. मी पल्सची बचत शून्य धरून हिशेब करतो: 33,000 आणि फ्लुरोचे 43,000, मिळून 76,000. दहा मिनिटांत पेशंट उरकलात तरी सरासरी 7,600. मे महिन्यातल्या 12,000 च्याही बरंच खाली. नवी ट्यूब नाही, एका पैचा खर्च नाही.

हे आकडे सरासरी बांध्याच्या पेशंटचे आहेत हे विसरू नका. अंगाने भारी पेशंट, किंवा लॅटरल (बाजूने घ्यायचा) व्ह्यू आला की प्रत्येक जास्तीच्या चार-पाच सेंटिमीटरला एमएएस जवळपास दुप्पट होतं. ऑटो एक्स्पोजरवर असाल तर तुम्हाला ते कळतही नाही. म्हणून यादी लावताना असे दोन पेशंट एकापाठोपाठ घेऊ नका, मधे एखादा हलका घ्या.

एक-दोन गैरसमज जाता जाता. कलिमेटर (झोताची रुंदी ठरवणाऱ्या पट्ट्या) बंद करून ट्यूब थंड होत नाही. पेशंटचा डोस आणि स्कॅटर (विखुरलेले किरण) कमी होतो, तो करायलाच हवा, पण इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडवर तेवढेच आदळतात. तांब्याचा जास्तीचा फिल्टर लावलात तर पेशंटच्या त्वचेचा डोस उतरतो, पण तेवढीच इमेज मिळवायला ट्यूबवर भार वाढतो. हा सौदा पेशंटच्या बाजूने झुकलेला चांगला, फक्त हिशेबात धरा. अंतर मात्र थेट वाचवतं: ट्यूब ते डिटेक्टर 115 सेंटिमीटर असेल आणि 100 वर काम भागत असेल, तर एमएएस सुमारे पाऊणपट लागतं. तेवढ्यासाठी ट्यूब पेशंटच्या अंगाला मात्र चिकटवू नका.

एक्स्पोजरआधी ट्यूब तयार करणाऱ्या प्रेप बटणावर बोट ठेवून पेशंटला सूचना देण्याची सवय असेल तर मोडा. त्या वेळात फिलामेंट पूर्ण उजळलेलं असतं, टंगस्टन उडून काचेवर बसत राहतो, आणि काही वर्षांनी ट्यूबच्या आत ठिणग्या पडू लागतात. पण दोन रनच्या मधे दहा सेकंदांचंच अंतर असेल तर रोटर फिरता ठेवलेला बरा. दर वेळी थांबवून पुन्हा उचलणं कॉइलला आणि बेअरिंगला जड जातं. हायस्पीड रोटरला ब्रेक लागताना मधल्या एका वेगाला जी घरघर होते ती ट्यूब थरथरण्याची असते, ती क्षणात संपायला हवी. लांबायला लागली तर नोंद करा.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय, ‘घाई असली तर ब्रेकर बंद-चालू करतो, मेसेज जातो.’ हे आजपासून बंद. अ‍ॅनोडच्या आत थर्मामीटर नसतो. जनरेटर फक्त गणित करतो: एवढे हीट युनिट घातले, एवढे गेले असतील, एवढे उरले. अनेक जुन्या जनरेटरमध्ये वीज गेली की हे गणित शून्यापासून सुरू होतं. गणित शून्यावर येतं, तबकडी येत नाही. मी टेक्निशियन असताना आमच्याच विभागात ही युक्ती चालायची, मीही केली आहे. एका शनिवारी यादी लांबली होती, ब्रेकर दोनदा पाडला. तिसऱ्या पेशंटच्या रनमध्ये टेबलाखालून खडखड असा आवाज आला, जणू डब्यात खडे. तबकडी तडकली होती. पेशंटला काही झालं नाही, पण ती तपासणी अर्धवट राहिली आणि विभाग सतरा दिवस बंद. सीएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) ट्यूब धरलेली नव्हती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तुमच्या करारात ट्यूब आहे का, आणि असली तर वापराप्रमाणे किती टक्के, ते आजच वाचा. तुमच्या केसमध्ये मेसेज ब्रेकरने जातो यावरून माझ्या निदानावर एक शंकाही येते. खरा थर्मल स्विच उघडला असता तर ब्रेकर पाडून काही उपयोग झाला नसता. म्हणजे एक तर तुमचा जनरेटर हाउसिंगचंही गणितच करतो, किंवा कधी मेसेज अ‍ॅनोडचा असतो आणि कधी हाउसिंगचा. पुढच्या वेळी मेसेजचा एरर कोड आणि घड्याळातली वेळ वहीत लिहा, रनच्या लगेच मागे आला की अधेमधे आला हेही लिहा. रनच्या लगेच मागे येऊन पाच-सात मिनिटांत गेला तर अ‍ॅनोड, केव्हाही येऊन अर्धा तास बसला तर हाउसिंग.

सकाळी वॉर्म-अप करता का हे तुम्ही लिहिलं नाही. थंड टंगस्टन ठिसूळ असतो, पहिलाच शॉट जोरदार मारला तर तबकडीला भेगा जाऊ शकतात. कंपनीच्या पुस्तकात दिलेले कमी भाराचे शॉट घ्या, मगच यादी सुरू करा. पावसाळ्यात दोन दिवस मशिन बंद राहिलं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, तेव्हा केव्ही हळूहळू चढवा. दमट हवेत हाय टेन्शन केबलच्या टोकांशी तडतड होते आणि लोक तिलाही ‘ट्यूब तापली’ म्हणतात.

इतकं करूनही मोठी ट्यूब घ्यायचीच ठरली, तर इंजिनियरला दोन प्रश्न विचारा. जनरेटरमध्ये नव्या ट्यूबचे कर्व्ह भरले जाणार का? जुन्या ट्यूबचं गणित ठेवून मोठी ट्यूब बसवली तर मेसेज पहिल्यासारखाच येत राहील, आणि उलटं झालं तर मेसेज न येताच ट्यूब जाईल. आणि ट्यूब बदलल्यावरची क्वालिटी अ‍ॅश्युरन्स चाचणी कोण करणार, तिचा अहवाल कोणाच्या हातात येणार? एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, माणसं अणुशक्तीनगरहून तुमच्याकडे यायला फार लांब नाहीत, आणि ती हाच कागद मागतील.

सोमवारी यादी सुरू होण्याआधी टेबलाचा खालचा पत्रा काढायला अर्धा तास द्या. बायोमेडिकलच्या माणसाला बोलवा, मशिनचा मेन बंद करा, पंख्याची जाळी काढून उजेडात धरा. पलीकडचं दिसत नसेल तर ती धुवा, वाळवा, लावा आणि थर्मामीटर चिकटवा. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की दुपारी दोनचा आकडा मला कळवा.